तहकूब सभेचे सभासद

सबनीसकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते बूट घालून, आणि बूट घालूनच आत येऊन बसले. शॉमबर्गमधल्या आमच्या टाउनहाउसमध्ये तेव्हा पांढरंशुभ्र कार्पेट होतं, तेही भाड्याच्या घराचं. बाहेर बर्फाचा चिखल. मराठी माणूस कितीही अमेरिकन झाला तरी दाराशी चपला काढतो, असा माझा समज. काकांनी पायपुसण्यावर बुटांचे तळ नीट घासले, थोडं वाकून "येऊ ना?" म्हणाले आणि दाराजवळची खुर्ची धरली. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते आणि ते दाराकडे. शेवटी त्यांच्या बायकोनं, सुमतीकाकूंनी, स्वयंपाकघरात येऊन मला हळूच सांगितलं, "अगं, मनावर घेऊ नकोस. आमच्याही घरी असंच आहे. देवासमोरसुद्धा. मी हात टेकले."

ते गेल्यावर मी सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "काय हा साहेबी थाट!"

"साहेबच आहेत ते," सुधीर म्हणाला. "एमपी होते, यार. खरेखुरे. आफ्रिकेत."

मला हसू आलं. नागपूरला आमच्या गल्लीत एक माजी नगरसेवक राहायचे, त्यांचा रुबाब मी लहानपणापासून पाहिलेला. पार्लमेंटात बसलेला माणूस आमच्या मॉलमधल्या दुकानात पुरुषांच्या शर्टांच्या घड्या घालतो, हे काही केल्या पटेना. पण ते खरं होतं. काकांचे वडील रेल्वेतल्या कारकुनीसाठी पूर्व आफ्रिकेत गेले, काका तिथेच वाढले, विम्याचे एजंट झाले, आणि तो देश स्वतंत्र झाल्यावर पहिल्याच निवडणुकीत नदीकाठच्या एका मतदारसंघातून निवडून आले. मतदार बहुतेक सगळे तिथलेच, काळे. "विम्याच्या निमित्तानं मी प्रत्येक घरात पाणी प्यायलो होतो," एवढंच ते त्याबद्दल सांगायचे. पुढे लष्करानं सत्ता घेतली. काका-काकू कसेबसे भारतात परतले, तिथून मुलानं, अरविंदनं, त्यांना इकडे आणलं. अरविंद सुधीरच्याच कंपनीत होता आणि दोन घरं सोडून राहायचा.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. काकाही कधी घेत नसत. "तिकडे" म्हणायचे. फोनवर तर "तिकडे"सुद्धा नाही. फोनवर त्या देशाला ते "इंदूर" म्हणायचे. "इंदूरला पाऊस आहे का?" असं त्यांनी फोनवर विचारलं की काकूंच्या हातातलं लाटणं थांबायचं. त्यांची मुलगी नंदा तिथेच राहिली होती. तिनं तिथल्याच एका शाळामास्तराशी, जोसेफशी लग्न केलं होतं, दोन मुलं होती. इंदूरला पाऊस असला म्हणजे काय झालेलं असायचं हे कळायला मला वर्ष लागलं, आणि कळल्यावर वाटलं की नसतं कळलं तर बरं.

काकांच्या भीतीचे आम्ही शेजारीपाजारी फार विनोद करायचो. त्यांच्या दारातल्या टपालपेटीवर नाव नव्हतं. त्यांची गाडी घरासमोर कायम उलटी लावलेली, तोंड रस्त्याकडे. बर्फ पडलेला असो, पाठीमागे वाहनं खोळंबलेली असोत, काका गाडी मागे-मागे घेत आत नेणार आणि मगच उतरणार. रेस्टॉरंटमध्ये ते भिंतीला पाठ लावून बसायचे. एकदा शाळेतल्या मुली युनिफॉर्म घालून बिस्किटं विकायला दारात उभ्या राहिल्या. काकांनी दार उघडलं, युनिफॉर्म पाहिला आणि घरात ओरडले, "सुमती, मागच्या दारानं!" काकू बिचारी मागच्या दारानं अंगणात जाऊन बर्फात उभी राहिली. मग काकांनी त्या मुलींची माफी मागून त्यांच्याकडची सगळी बिस्किटं विकत घेतली. पुढचा महिनाभर सबनीसांकडे चहाबरोबर तीच बिस्किटं. आम्ही हसत होतो, काकूही हसत होती, पण हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला ते मी पाहिलं.

बाकी इतका सभ्य माणूस मी पाहिला नाही. लहान पोरालासुद्धा "आपण" म्हणणार. दुकानातला मॅनेजर त्यांच्या मुलाहून लहान होता. त्याच्याशी बोलताना काका आधी उभे राहायचे. आमची मिनू तेव्हा सहा वर्षांची. तिनं एकदा सरळ विचारलं, "काका, व्हाय डोन्ट यू टेक ऑफ युअर शूज?" मी तिला डोळे वटारले. काकांनी कपबशी खाली ठेवली. "मिनूताई, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे," ते म्हणाले. "उत्तरासाठी मला थोडा अवधी द्यावा." मिनू म्हणाली, "ओके." काकांनी त्यासाठी तिचे आभार मानले.

आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेचे अध्यक्ष अर्थातच तेच. दुसऱ्या कोणाला ते जमलंही नसतं. मंडळात पुणं, मुंबई, नागपूर, कोल्हापूर असे सगळे. गणपतीला मोदक घरी करायचे की फ्रोझन आणायचे यावर एका वर्षी दोन कुटुंबांनी आपसातलं बोलणं बंद केलं होतं. काका टाय लावून टेबलामागे बसायचे. कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही, जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. "अध्यक्षमहाराज, ह्यांच्या बायकोला मोदक वळता येत नाहीत म्हणून हे फ्रोझन म्हणतायत," असं एकजण म्हणाले, तेव्हा काकांनी गंभीरपणे निर्णय दिला की अनुपस्थित व्यक्तीच्या पाककौशल्याचा उल्लेख कामकाजातून काढून टाकावा. सभागृह, म्हणजे शाळेची जिम, हसून हसून लोटपोट.

फक्त एक गोष्ट ते करत नसत. "सभा संपली" असं म्हणत नसत. कितीही सांगा. "सभा तहकूब करत आहे" म्हणायचे आणि पुढची तारीख द्यायचे. सेक्रेटरी वैतागायचा. "काका, वर्षातून एकदाच सभा असते, आता संपवा ना! तहकूब काय?" काका उत्तर देत नसत. त्यामुळे आमच्या मंडळाची एकच सभा कितीतरी वर्षं चालू होती, आणि आम्हाला त्याचीही गंमतच वाटायची.

मंगळवारची गंमत मात्र मला एकटीलाच कळली. मंगळवारी दुपारी सबनीसकाका कुठे जात नसत. दुकानातून त्यांनी मंगळवारची सुट्टी मागून घेतली होती. बोलावणं केलं तर काकू परस्पर सांगायची, "मंगळवारी नको गं, यांचं काम असतं." एकदा मी ढोकळा द्यायला गेले तर काका कोट-टाय घालून दिवाणखान्यात नुसतेच बसलेले. समोर टीव्ही बंद. मला वाटलं, कोणी पाहुणे यायचे असतील.

मग एका हिवाळ्यात दुकानात माणसं कमी पडली म्हणून मॅनेजरनं त्यांना मंगळवारी सकाळी बोलावलं. काकांना नाही म्हणता येईना. अरविंद गावाला गेलेला, काकांची गाडी थंडीनं बंद पडलेली, म्हणून त्यांना आणायला मी गेले. मी नुकतीच ड्रायव्हिंग शिकले होते. बर्फात गाडी चालवताना मी तेव्हा सारखं काहीतरी पुटपुटायची, नवस बोलल्यासारखं. परतताना रस्त्यात मोठा ट्रक आडवा झाला आणि आम्ही अडकलो. पुढे लाल दिवे, मागे लाल दिवे. काका घड्याळ बघायला लागले. पुन्हा पुन्हा. मग त्यांनी आरशात बघून टाय सारखा केला.

"शैला, आपण दुसऱ्या रस्त्यानं जाऊ शकतो का?"

"काका, हलायलाच जागा नाही. एवढी कसली घाई आहे?"

"मला अडीचच्या आत घरी पोचायला हवं."

"आणि नाही पोचलो तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हा माणूस आता दार उघडून बर्फातून चालायला लागणार. मग ते मागे टेकले आणि हात मांडीवर ठेवले. वायपर फिरत होते. मग आपणहूनच बोलायला लागले.

पार्लमेंटची ती शेवटची सभा मंगळवारची नव्हती, काही दिवस आधीची होती. काका मागच्या बाकावर होते. त्यांच्या मतदारसंघातून नदी जायची आणि तिच्यावर फेरीबोट नव्हती. लोक खोडाच्या होड्यांतून ये-जा करत आणि दर पावसाळ्यात माणसं बुडत. पाच वर्षांची मुदत, त्यातली निम्मी होत आलेली, आणि काकांनी तोवर एकच विषय लावून धरला होता : फेरीबोट. सगळे त्यांना हसायचे. अखेर मंत्र्यांनी कबूल केलं की पुढच्या मंगळवारी उत्तर देतो. काकांचा तारांकित प्रश्न, त्या दिवशीच्या कामकाजात पहिला.

आणि मंत्र्यांनी हे कबूल केलं त्याच दुपारी सैनिक आत आले. एका अधिकाऱ्यानं सभापतींसमोर कागद ठेवला. सभापती म्हणजे एके काळचे हेडमास्तर, काकांनी त्यांचा विमा उतरवला होता. कागदावर लिहिलं होतं की ही संसद बरखास्त झाली आहे, एवढं वाचा आणि उठा. सभापतींनी कागद वाचला. पालथा ठेवला. डोक्यावरचा तो इंग्रजी पद्धतीचा पांढरा विग सारखा केला आणि म्हणाले, सभागृह मंगळवारी दुपारी अडीच वाजेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे.

"त्या अधिकाऱ्याला फरक कळला नाही," काका म्हणाले. "त्यानं टाळी वाजवली. आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला फरक समजावून सांगितला असणार. सभापतींना त्या संध्याकाळी घरून नेलं. ते परत आले नाहीत."

मी वायपरचा वेग वाढवला.

"मग आम्हाला नेलं, एकेकाला. मी जेवायला बसत होतो, पाटावर, अनवाणी. तसाच नेला. भर दुपारी, डांबरी रस्त्यावरून." ते पायांकडे पाहत होते. "मिनूताईंच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. लहान आहेत त्या."

कसे सुटले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ट्रक हलला, दिवे पुढे सरकले. मी गाडी काढता काढता म्हटलं, "काका, पण आता इतकी वर्षं झाली. ते सगळं संपलं."

"कुठे संपलं?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "सभागृह बरखास्त झालेलं नाही. मी राजीनामा दिलेला नाही. तो एक शब्द म्हणण्यासाठी एका माणसानं जीव दिला. मी जर म्हटलं की संपलं, तर मग तो कशासाठी गेला?"

घरी पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. काका उतरले आणि मला "आभारी आहे" म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला रात्रभर झोप लागली नाही. त्यानंतर मी त्यांच्या बुटांवर एकही विनोद केला नाही आणि कोणी केला तर मला राग यायचा.

आता खरी अडचण सांगते. नंदाला तिथून काढायचं होतं. जोसेफला अधूनमधून चौकशीला नेत, शाळेत पोरांना काय शिकवतोस म्हणून. भारतात ती नवऱ्याला आणि मुलांना घेऊन कुठे जाणार, कोणाकडे राहणार? उरली अमेरिका. अरविंद सिटिझन झाला होता, पण भावानं अर्ज केला तर व्हिसाची रांग फार लांब. वडील सिटिझन असतील तर लग्न झालेल्या मुलीसाठी रांग बरीच आखूड. काका पात्र होऊन काळ लोटला होता. अर्ज करत नव्हते. कारण सिटिझन होताना शपथ घ्यावी लागते, की मी दुसऱ्या कुठल्याही देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडतो. आणि काकांनी एक शपथ आधीच घेतलेली होती, तिच्यातून त्यांना कोणी मोकळं केलेलं नव्हतं.

अरविंद चिडायचा. "बाबा, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी! सगळे घेतात. कोणी बघत नाही." काका म्हणायचे, "फॉर्मॅलिटीच होती ती. तहकूब आणि बरखास्त. तेवढ्याच फरकाची."

बोलली ती शेवटी काकू. एका सकाळी इंदूरहून फोन आला की फार पाऊस आहे, जोसेफ घरी आलेला नाही. दोन दिवसांनी तो आला, पण चालत नाही, आणला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे होते. सुमतीकाकू कधी नवऱ्यासमोर आवाज चढवणारी बाई नव्हे. ती काकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या मंगळवारसाठी माझी मुलगी जाईल. मग बसा कोट घालून." आणि आत निघून गेली. मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं. काका खुर्चीतून उभे राहिले. मग मलाच म्हणाले, "सदस्यांचा मुद्दा बरोबर आहे."

त्यांनी अर्ज केला. मुलाखतीची तारीख आली. अरविंदनं त्यांना सगळं पढवून नेलं : विचारतील तेवढंच सांगा, एक शब्द जास्त नाही. आणि तिथे काकांनी तो गोंधळ घातला जो जगात फक्त काकाच घालू शकतात. अधिकारी बाई चांगली होती म्हणे. तिनं सहज विचारलं, दुसऱ्या देशात तुम्ही कधी सरकारी पदावर होता का? काका उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी सभासद आहे. माझी जागा अद्याप रिक्त झालेली नाही."

अरविंद आमच्या स्वयंपाकघरात येऊन डोकं धरून बसला. "आहे! आहे म्हणाले! फाइल थांबवली तिनं. म्हणाली, आधी तुम्ही त्या पदावर नाही याचं काहीतरी आणून द्या."

"मग आणायचं," सुधीर म्हणाला.

"कुठून? त्यांच्या एम्बसीतून? एम्बसीत जाऊन सांगू की सबनीस इथे आहेत, जिवंत आहेत, आणि त्यांची मुलगी तुमच्या हातात आहे?"

मी चहाचं आधण गॅसवर तसंच विसरले, भांडं करपलं. त्या दिवसांत शॉमबर्गमधल्या त्या दोन घरांत कोणी नीट जेवत नव्हतं. काका मात्र जुन्या नियमांचं मनातल्या मनात वाचन करत होते. सभासद सतत गैरहजर राहिला तर जागा आपोआप रिक्त होते, पण सभागृह भरलंच नाही तर गैरहजेरी कशी धरणार? राजीनामा सभापतींकडे द्यायचा, पण सभापती नाहीत. सभापती नसतील तर उपसभापतींकडे. इथे काका अडायचे. उपसभापती कुठे आहेत कोणालाच माहीत नव्हतं. आणि एक संशय काकांच्या मनात घर करून होता : त्या आठवड्यात सगळे पकडले गेले, उपसभापती तेवढे सुटले. का सुटले?

त्याच वर्षी सुधीरची बदली झाली आणि आम्ही टेक्सासला, प्लेनोला गेलो. मोठं विटांचं घर, आजूबाजूला अजून कापसाची शेतं, आणि ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग हाताला भाजायचं. मला शॉमबर्गचा बर्फ आठवायचा आणि काका-काकूंची काळजी वाटायची. मग एका रविवारी काकांचा फोन आला. दुकानात शर्ट घ्यायला आलेल्या एका टॅक्सीवाल्याच्या बोलण्यावरून त्यांनी ओळखलं की हा तिकडचा. त्याच्याकडून उपसभापतींचा ठावठिकाणा कळला होता.

"शैला," ते म्हणाले, "आपल्या गावात एक गृहस्थ राहतात. मुलाकडे असतात. मला त्यांना भेटायचं आहे. आपली गैरसोय होणार नसेल तर."

एका शनिवारी सकाळी मी त्यांना एअरपोर्टवरून आणलं. पन्नास अंश तापलंय असं वाटणाऱ्या त्या उन्हात काका काळ्या कोटात. गाडीत त्यांनी मला तीनदा बजावलं, "त्या घरात नंदाचं नाव काढायचं नाही. मुलांचं नाही. गावाचं तर नाहीच. हा माणूस आता कोणाचा आहे, आपल्याला ठाऊक नाही."

दार उपसभापतींच्या सुनेनं उघडलं. नर्स होती, ड्यूटीवरून आलेली, दमलेली. म्हणाली, "काही दिवस डॅडींना सगळं आठवतं, काही दिवस नाही. आज बरं आहे, पण जास्त बोलायला लावू नका." आतल्या खोलीत टीव्हीवर बेसबॉल चालू होतं. आरामखुर्चीत एक उंच, काळे, पार वाळलेले म्हातारे गृहस्थ बसले होते. पायात लोकरी सपाता, मांडीवर शाल. त्यांनी काकांकडे पाहिलं. काहीच ओळख नाही.

काका दारातच थांबले. पाय जुळवून उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "उपसभापतीमहोदय."

म्हाताऱ्यांनी टीव्हीचं बटण दाबलं. खोली शांत झाली. त्यांनी मांडीवरची शाल काढून बाजूला ठेवली, खुर्चीची पाठ सरळ केली आणि हात दोन्ही बाजूंना टेकवले. आवाज खरखरीत पण मोठा होता.

"ऑर्डर," ते म्हणाले. "नदीकाठचे सन्माननीय सभासद. बोला."

सुनेनं तोंडावर हात ठेवला. काकांनी टाय सारखा केला. मग म्हणाले, "महोदय, कोरम..."

"कोरम नाही असं कोणी लक्षात आणून देईपर्यंत कोरम असतो. सन्माननीय सभासद ते लक्षात आणून देऊ इच्छितात का?"

"नाही, महोदय."

"मग बोला."

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. एका ओळीचा राजीनामा. पण तो त्यांनी दिला नाही, हातातच धरून उभे राहिले. "मला माझ्या जागेचा राजीनामा द्यायचा आहे."

उपसभापतींची नजर त्या कागदावर थांबली. मला वाटलं, विसरले. मग त्यांनी विचारलं, "कारण?"

कारण देणं नियमात नव्हतं, हे मला काकांनी येतानाच सांगितलं होतं. ते नाही म्हणू शकले असते. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. आणि मग, मला तीनदा बजावणारे काका म्हणाले, "माझी मुलगी, महोदय. नंदा. ती तिथेच आहे." आणि गावाचं नावही त्यांनी घेतलं, देशाचंही. ते नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

उपसभापतींनी डोळे मिटले. "माझा धाकटा मुलगा तिथेच राहिला," ते म्हणाले. "मी एका ट्रकमध्ये मक्याच्या पोत्यांखाली होतो. त्याला म्हणालो, पुढच्या ट्रकनं ये." त्यांनी डोळे उघडले. "सभासदांनी फार वर्षं वाट पाहिली. सभापतींच्या खुर्चीला खेद होत आहे. राजीनामा स्वीकारण्यात येत आहे."

सुनेनं पेन आणून दिलं. त्यांनी कागदावर सही केली. सहीखाली हुद्दा पूर्ण लिहिला.

पुढचं सांगून टाकते. तो कागद त्या अधिकारी बाईंनी पाहिला, फाइलला लावला आणि काही विचारलं नाही. काकांनी शपथ घेतली. नंदा आली, दोन्ही मुलांना घेऊन, पण त्याला काही वर्षं लागली आणि तोवर जोसेफ राहिला नव्हता. काकांनी तिला पाहिलं, नातवंडांना पाहिलं, आणि पुढच्या हिवाळ्यात गेले. मला कळलं ते काकूंच्या फोनवरून. मी शॉमबर्गला परत कधी गेले नाही, त्यामुळे माझ्यापुरते काका प्लेनोतच राहिले.

त्या दिवशी सही झाल्यावर सून म्हणाली, "बसा ना, चहा करते, आमच्याकडचा, आलं घालून." मला बरं वाटलं, वाटलं आता दोघं म्हातारे बसतील, जुन्या गोष्टी काढतील, रडतील, हसतील. मी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेले. कप घेऊन बाहेर आले तर उपसभापती आपल्या खुर्चीत ताठ बसलेले, शाल बाजूलाच, टीव्ही बंद. काका खोलीत नव्हते. घाबरून मी बाहेर धावले. काका ड्राइव्हवेवर उभे होते. डोक्यावर टळटळीत ऊन, कोटाची बटणं लावलेली, चेहऱ्यावरून घाम ओघळतोय.

"काका, अहो उन्हात काय उभे? आत चला. चहा झालाय."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. आत ते म्हातारे गृहस्थ तसेच बसून होते.

"आपण घ्या," काका म्हणाले. "त्यांनी सभा अजून तहकूब केलेली नाही. मी आता सभासद नाही, शैला. मला आत बसता येणार नाही."